राजीनाम्याचा तिसरा खर्डा

९ मार्च, सोमवार

झाली! निवड झाली. कोश मंडळाचं पत्र सकाळच्या टपालाने आलं. शब्दकोश विभाग, सहसंपादक. चार वेळा वाचलं — पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा संशयाने, तिसऱ्यांदा व्याकरण तपासायला आणि चौथ्यांदा पुन्हा आनंदाने.

सत्तावीस वर्षं एकाच दैनिकाची वार्ताहर म्हणून तुंबलेली गटारं, उद्घाटनं आणि बंद पथदिवे यांची सेवा केली. एवढ्या काळात माझं संस्कृत दोनदा उपयोगी पडलं. दोन्ही वेळा शोकसभेत.

नवऱ्याला फोन केला.

"तो कोश अजून पुरा व्हायचाय ना?"

"तीस वर्षं चाललाय. सध्या 'थ'वर आहेत."

"मग रुजू व्हायची घाई नको," म्हणाला. पण संध्याकाळी आल्या आल्या आधी पत्रच मागितलं, आणि चष्मा लावून पूर्ण वाचलं. लग्नाच्या वेळी माझी पत्रिकाही त्याने इतकी नीट पाहिली नव्हती.

१० मार्च

आनंदाला एक अट निघाली. मंडळाच्या कारकुनाचा फोन — जुन्या नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र वीस तारखेला पाचच्या आत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराला बोलावणार. यादीत एकच नाव आहे.

"कुणाचं?"

"गोपनीय असतं, मॅडम."

"आणि नाहीच पोचलं वेळेत?"

"नियम आहे, मॅडम. मी काय करणार? माझं तर स्वतःचं बदलीचं पत्र दोन वर्षं अडकलंय."

दहा दिवस आहेत. सहीला दहा सेकंद लागतात. चिंतेचं कारण नाही.

११ मार्च

चिंतेचं कारण आहे. आमच्या संपादकांना मी विसरलेच होते.

आमच्याकडे लाल पेन्सिल फिरल्याशिवाय कागद हलत नाही. बातमी, रजेचा अर्ज, पाण्याच्या टाकीवरची सूचना — सगळ्याला तोच न्याय. छायाचित्रकाराने मुलीच्या लग्नाची पत्रिका प्रेमाने नेऊन दिली, ती दुरुस्त होऊन परत आली. वर शेरा — "मुहूर्त आधी. नातेवाईक नंतर. निम्मे कापा." म्हणून आम्ही त्यांना लालसाहेब म्हणतो. त्यांनाही ते माहीत असावं.

राजीनामा मी मन लावून लिहिला. "आपल्या मार्गदर्शनाच्या छायेत व्यतीत झालेला हा प्रदीर्घ कालखंड" वगैरे. तासाभरात परत आला. समासांखाली लाल रेघा, आणि कडेला: "बातमी तिसऱ्या परिच्छेदात आहे. वर आणा."

१२ मार्च

दुसरा खर्डा. "मी वार्ताहरपदाचा राजीनामा देत आहे. कृपया मुक्त करावे." साठलेली रजा नोटिशीचा महिना भरून काढते, हेही खाली नोंदवलं. याहून वर बातमी आणता येत नाही.

परत आला. शेरा एका शब्दाचा: "कारण?"

छायाचित्रकार म्हणाला, "ताई, त्यांना तुम्ही जायला नकोय. बातम्यांच्या शुद्धलेखनाला तुम्ही सोडून आहे कोण?" मला उगाच गुदगुल्या झाल्या. किंबहुना दुपारभर त्याच सुखात होते.

१३ मार्च, शुक्रवार

तिसरा खर्डा. कारण लिहिलं — कोश मंडळात सहसंपादक म्हणून निवड झाली आहे. स्वतः नेऊन दिला, समोर उभी राहिले.

लालसाहेबांनी वाचला. पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. कागद ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावला.

"पाहतो," म्हणाले.

सत्तावीस वर्षांत हा माणूस कधी "पाहतो" म्हणालेला नाही.

१६ मार्च

पत्र ड्रॉवरमध्येच. दोनदा आत गेले. एकदा फोनवर होते, एकदा फोनवर असल्यासारखे होते.

१७ मार्च

माझा राग आता रीतसर तयार झाला आहे. हा सरळ सरळ अहंकार आहे. आपल्या हाताखालचं माणूस आपल्याला न विचारता वर जातं, हे सोसत नाही. माझ्या जागी कुणी तरणा असता तर हात झटकून मोकळे झाले असते. पन्नाशीतली बाई मात्र जन्मभर गटारांवरच शोभते!

नवरा म्हणाला, "जाऊन भांड. घरी सराव चाललाच आहे."

१९ मार्च, गुरुवार

भांडायला गेले. वाक्यं पाठ केली होती.

"साहेब, उद्या मुदत संपते. सही करणार नसाल तर तसं लेखी द्या."

त्यांनी बसायला सांगितलं. लालसाहेब वार्ताहराला बसायला सांगत नाहीत. बसलं की मजकूर लांबतो, असं त्यांचं मत.

"तिथे एका शब्दाला किती दिवस देतात?"

"कधी कधी आठवडा."

"आठवडा." हा शब्द त्यांनी इतका सावकाश उच्चारला की मला वाटलं थट्टा करताहेत. "खिडकीजवळचं टेबल तुम्हाला मिळणार?"

"रिकामं तर तेच आहे."

बाहेर छपाईचं यंत्र चालू झालं, टेबलावरचा पेला हलायला लागला. त्यांनी ड्रॉवर उघडला, माझं पत्र काढलं आणि सही केली. मुक्ततेचं पत्र टाइप करून तयारच होतं. त्यावरही केली.

"घाई करा. त्यांचा कारकून साडेचारलाच उठतो."

पाठ केलेल्यांपैकी पहिलं सोडून एकही वाक्य वापरता आलं नाही. आभार मानायचेही राहिले — खरं तर मानायचे नव्हतेच. सहा दिवस माझा जीव टांगणीला लावला, तो लावलाच.

पण सुटले! जिना उतरताना रेलिंगवरून हात घसरवत आले, शाळेतल्यासारखी.

२० मार्च

पत्र पोचलं. पोच घेतली, शिक्क्यासकट. संध्याकाळी लेकीने फोनवर विचारलं, "आई, आता तू रोज काय करणार?"

"विचार," म्हटलं.

"पगार देतात त्याचा?"

नवी पेनं घेतली. सहा. एवढ्यांची गरज नव्हती.

२३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. संचालकांनी स्वतः खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. म्हणाले, "तुमचं पत्र आलं, बरं झालं. प्रतीक्षायादीतल्या गृहस्थांनी गुरुवारी दुपारीच फोन करून आपलं नाव काढून घेतलं होतं. तुम्ही ओळखत असालच त्यांना. तुमचेच संपादक."

अहंकाराबद्दल मंगळवारी जे लिहिलं आहे, ते खोडणार नाही. मला वाचायला लागावं म्हणून.