खोली नणंदेला, साक्ष मुलाची

मी, खाली सही करणारी, गिरणीच्या माग खात्यातून निवृत्त झालेली कामगार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे कान गेलेत, डोकं जागेवर आहे. वाचणाऱ्याने दोन्हींची गल्लत करू नये.

१. गिरणीमागची माझी स्वकष्टार्जित खोली, मोरी आणि पोटमाळ्यासह, माझ्या पश्चात माझ्या नणंदेची. ती शेजारच्या मागावर होती. मी विधवा झाल्यावर माझ्याकडे राहायला आली, ती कायमचीच. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "एक पोरगं आहे की पोसायला." ते पोरगं माझं. त्याचं शिक्षण तिच्याही पगारावर झालं. खोलीच्या कागदांवर मात्र तिचं नाव कुठेच नाही, म्हणून हे कलम पहिलं.

२. शिवणयंत्र सुनेला. तिने एकदा मनापासून विचारलं होतं, "आई, शिकवाल का?" माझं राहूनच गेलं. नणंद शिकवील. ती फार चिडते, पण आवाज न करता चिडते, तेव्हा सुनेने मनावर घेऊ नये.

३. आमच्या खात्यातल्या मुकादमाला मी माफ करत नाही. मागांच्या खडखडाटात आम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलायचो, समोरचीला सगळं कळायचं. त्याला काही कळायचं नाही, म्हणून दंड ठोकायचा. तो कधीच वारला, तरी नोंद असावी.

४. मुलाला काहीही ठेवलेलं नाही. बाळा, लगेच तोंड पाडू नकोस, पुढे वाच. तू कारखान्यात साहेब झालास, हे मी इतक्या वेळा सांगते की शेजारणी मला बघून वाट बदलतात. पण तुझे वरिष्ठ तुझ्या घरी जेवायला आले होते तो दिवस आठव. आत्याने स्वयंपाकघराच्या दारातून तुला ओठांनी विचारलं, "भात आणू?" पाहुण्यांनी विचारलं, ह्या कोण? तू आवाज अगदी खाली आणून म्हणालास, "आमच्याकडे कामाला असतात."

अरे वेड्या, तिच्यापुढे आवाज खाली आणून काय उपयोग? तिने जन्मभर ओठच वाचले. भात तिने वाढला आणि नंतर तुझ्या घरात पाऊल टाकलं नाही. आत्या का येत नाही, असं तू मला विचारत राहिलास. तिने शपथ घातली होती म्हणून मी गप्प होते. आज ती मोडते. तू मनाचा वाईट नाहीस, त्या दिवशी घाबरलास. पण तिला फार लागलंय रे, आणि मी गेल्यावर तुम्हा दोघांना एकमेकांशिवाय रक्ताचं कोण आहे?

वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून तुला मुद्दाम वगळलं. खोली तिची, यावर मला तुझीच सही हवी. सही करण्याआधी पहिलं कलम तिला समोर बसून सांग, लहानपणी बोलायचास तसं, ओठांनी. आणि ती तुझी कोण, तेही सांग.

ठिकाण: वरील खोली
तारीख: १९ मार्च, सुट्टीचा दिवस

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिला: वरच्या मजल्यावरचा शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. आत्याला ओठांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कळलं मला. आता मोठ्याने सांग, शिंप्याला ऐकू जाऊ दे." मोठ्याने सांगितलं.