रोह्याचं मशीन, पेणची सीडी

वरसे, रोहा
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. रघुवीरदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांग कागदावरच.) तुमचं पित्त कसं आहे? वहिनींची पाठ? पेणला कारखान्यांतून पुढच्या वर्षाचे गणपती घडायला लागले असतील, धूळ नाकातोंडात जात असेल, तरी जपा. इकडे मी बरा आहे, वृंदा बरी आहे आणि कॉम्प्युटरही तसा बरा आहे. पण मधले दिवस कसे गेले ते फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तुम्ही मध्येच "थांबा, आधी काय दाबलंत?" असं विचारता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या आईंनी आमच्याकडे गौरीची गाणी म्हटली होती ती तुम्ही आमच्याच मशीनवर रेकॉर्ड केलीत. दुसरी प्रत तुमच्या फोनमध्ये होती आणि तो फोन विसर्जनाला बाप्पाबरोबर भोगावतीत गेला. (बाप्पा परत येतात, फोन येत नाही.) म्हणजे आई गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो आमच्या कोपऱ्यातल्या या डब्यात, आणि डब्याने ऐन पितृपक्षात डोळे मिटले. विंडोज उघडेना. वृंदा नुसती रोज पडद्यावरची धूळ पुसायची. मी मात्र घाबरलो होतो, खरं सांगतो.

मग तुम्ही विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी पाठवलीत. मशीन म्हणे या सीडीवरूनच चालू होईल आणि आतल्या डिस्कला धक्का न लावता गाणी काढून घेता येतील. पोह्याच्या पापडांच्या दोन थप्प्यांमध्ये ती सुखरूप आली. आणली आमच्या शेजारच्या हरेशने (धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, सासुरवाडी पेणची). देताना म्हणतो, "काका, यो पापड पन तलायचा काय?" मी त्याला दहा मिनिटं लिनक्स समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शिफ्टला उशीर होतो म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दसरा. हत्यारांची पूजा, आणि पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा तुमच्याच घरचा नियम. कोयता, विळी, शिलाई मशीन, स्कूटर आणि कॉम्प्युटर सगळे हार घालून बसले. नियम मोडायची माझी हिंमत नव्हती, मी दिवसभर लांबूनच पाहत बसलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसलो. सीडी वृंदाने आधीच ट्रेमध्ये ठेवली होती (ट्रे उघडायला तिला मीच शिकवलंय), म्हणून थेट बटण दाबलं. काळा पडदा, आणि चालू करण्याजोगं काहीही सापडलं नाही अशा अर्थाचं इंग्रजी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये (मशीनने आधी कुठे पाहायचं ते ठरतं तिथे) शिरलो, सीडीला पहिला पाट दिला, डिस्कला मागच्या पंगतीत बसवलं. पुन्हा तेच इंग्रजी. आतून आवाज मात्र येत होता, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. मी ठरवलं, पंखा गेला. मशीन उघडलं, ब्रशने झाडलं, आतला बटणाएवढा सेल काढून परत बसवला (हे तुम्ही सांगितलं नव्हतं, एका व्हिडिओत होतं). त्याने मशीनचं घड्याळ तुमच्या भाचीच्या, सावनीच्या जन्माआधी जाऊन बसलं आणि एक स्क्रू उरला. हरेश डोकावून म्हणाला, "काका, याला शीडी दिसतच नाय. आंधला झालाय." मी त्याला हसलो. शेवटी वैतागून मी वृंदाला म्हटलं की, तुझ्या दादाने सीडी धड बनवलीच नसणार, तुमच्याकडची वस्तूच अशी, लग्नातला मिक्सरसुद्धा पहिल्याच चटणीत जळला होता.

माहेर काढल्यावर वृंदा उठली. ट्रे उघडून तिने सीडी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "चांगली आहे की. कुंकू तेवढं पुसट झालंय, परत लावते." दादा, मी सीडी तिच्या हातातून घेतली. छापील बाजू ही सीडीची पाठ आणि चकचकीत बाजू हे तोंड, अशी तिची समजूत. त्या तोंडाला तिने दसऱ्याच्या पूजेत पाचही बोटांनी ओलं हळदकुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या होत्या. मशीन नेमकं त्याच बाजूने वाचतं! मी आवाज चढवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आईचा आवाज आणायला निघालीय ती. तिला कुंकूही लावायचं नाही?"

सीडी पुसली, ट्रेमधल्या अक्षता झाडल्या, बटण दाबलं, आणि तुमचं लिनक्स उभं राहिलं. गाणी सापडली. आईंचा आवाज खोलीत आला तेव्हा वृंदा जमिनीवरच बसली. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच आई थांबतात आणि म्हणतात, "अहो त्र्यंबकराव, हात लावू नका हो त्याला, नीट चाललंय ते." वृंदा इतकी हसली की तिला रडूच फुटलं, आणि मलाही. मग तिने पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं, आणि तेही गाणं नव्हे, माझ्यावरचं बोलणं. सासूबाईंचं बोलणं मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या सीडीवरचा संशय मी मागे घेतो. मिक्सरबद्दलचा नाही. वहिनींना नमस्कार सांगा, आणि पापड संपले हेही सांगा.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. गाणी दुसरीकडे काढून घ्यायची राहिली आहेत. त्या दिवशी ऐकण्यातच वेळ गेला, मशीन बंद केलं आणि सकाळी काढू म्हटलं. सकाळी पाहतो तो सीडीच्या तोंडाला पुन्हा कुंकू, या खेपेला तेलात कालवलेलं. वृंदाचं म्हणणं, काम करून निघालेल्या बाईला रिकाम्या कपाळाने कसं पाठवायचं? मी घासून पाहिलं तर चरे पडले. तरी भाऊबीजेला दोन सीडी घेऊन या, एक चालवायला आणि एक पूजेला. आईंशिवाय पेणच्या घरात पाऊल टाकवत नाही असं ती म्हणते, म्हणून तुम्ही स्वतःच या. मला सीडीपेक्षा तेच हवं आहे.

ता. क. दुसरा. उरलेला स्क्रू कुठला ते पाहायला आत्ता मशीन पुन्हा उघडत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "दादा येईपर्यंत हात लावू नका हो त्याला." मी दचकून मशीनकडे पाहिलं. ते बंदच होतं, आवाज वृंदाचा होता.