लंबूला खुर्ची मिळाली

४ मार्च
लंबूला खुर्ची मिळाली! कालपर्यंत माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धूत होता. आज वर, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी. आपल्याकडचा पेशंट आला की त्याचं बोलणं बाईंना इथल्या भाषेत सांगायचं. एवढंच. भाषा मलाही येते की — थोडी. पण आम्हाला कोण विचारतो!

५ मार्च
खोलीवर आल्यापासून एकच शब्द — अनामनेसिस. "म्हणजे काय रे?" म्हटलं. झालं, लागला शिकवायला. "पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली हकीकत. काय होतंय, कधीपासून, आधी काय झालं होतं, घरात अजून कुणाला आहे का. अर्धा आजार त्यातच कळतो." मी म्हटलं, आपल्या गावात याला नसत्या चौकशा म्हणतात. हसला. हल्ली हसतो पण साहेबासारखा.

७ मार्च
शर्टाला इस्त्री!

११ मार्च
धुलाईवाल्या सगळ्यांची तपासणी होती. माझ्या वेळी खुर्चीत तोच. एका गावचे, एका खोलीत राहणारे आम्ही, आणि मलाच विचारतो, "खोकला कधीपासून?" प्रश्न बाईंचा, पण तोंड त्याचं. डोकंच फिरलं. "आठवडा झाला असेल," म्हटलं. "घरात कुणाला?" "कुणाला नाही."

खरं सांगून नोकरी घालवू? घरी बायको आणि तीन वर्षांची छोटी काय खातील? आणि तेही याच्या तोंडून सांगू! त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत आहे. सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हाही मी खोकतच होतो.

बाईंनी छातीचा फोटो काढायला लावला. थुंकी पण घेतली.

१३ मार्च
जेवणाच्या सुट्टीत लंबू जिन्याखाली फोनवर. "वहिनी, रडू नका. त्याला मी सांगतो." वहिनी! तो वहिनी म्हणतो ती एकच — माझी बायको. मला बघितलं आणि फोन ठेवला.

माझ्याशी बोलताना हिला लगेच काम आठवतं. त्याच्यापाशी रडते! खुर्ची घेतलीस ती घेतलीस, आता घर पण घे माझं. दिवसभर चादरींच्या घड्या चुकल्या. मुकादम ओरडला. ओरडू दे.

१४ मार्च
कॉलर धरली. "माझ्या बायकोशी काय बोलतोस रे?"
म्हणाला, "अनामनेसिस."
दिली एक ठेवून. ओठ फुटला. हात नाही उचलला त्यानं. म्हणाला, "पेशंट लपवतोय असं वाटलं तर घरच्यांना विचारायचं असतं. तेही त्यातच येतं. बाईंनीच करायला लावला फोन."
"मोठा आलास डॉक्टर!"
"मार अजून. पण आधी घरी फोन कर."
नाही केला. त्याच्या शर्टावर रक्त बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१५ मार्च
निकाल आला. टीबी.
मग केला फोन. "खरं काय ते सांग," म्हटलं. तिच्या मागून खोकला ऐकू आला. छोटीचा.