नुसतं पाणी

प्रिय डॉक्टर,

पुरस्कार जाहीर झाल्याबद्दल अभिनंदन. पेपरातला तुझा फोटो आईने दाखवला. जावई होता होता राहिलास, तरी तिला तुझं कौतुक आहेच. तिला म्हटलं, पत्र मी लिहिते.

आपली ती खिडकी नसलेली प्रयोगशाळा आठवते? तुझं औषध टोचलं की उंदराच्या मेंदूतला रक्तप्रवाह वाढायचा, पडद्यावरची रेघ वर चढायची आणि तू माझा हात घट्ट धरायचास. तुलनेसाठी दुसऱ्या उंदरांना आपण साधं सलाइन द्यायचो. त्यांची रेघ हलायची नाही. औषध टिकावं म्हणून बाटलीत एक रसायनही असतं, मग तुलनेच्या उंदरांना ते रसायन घातलेलं पाणी का देत नाही, एवढंच मी विचारलं होतं. भर बैठकीत तू मला ‘पाणीवाली’ म्हणालास. सगळे खो-खो हसले. मीही हसले, कारण आपलं लग्न ठरलं होतं. मग शोधनिबंधातून माझं नाव गेलं, मग नोकरी, शेवटी लग्नही मोडलं. तू निरोप घ्यायलासुद्धा आला नाहीस. माझा ॲप्रन तेवढा शिपायाबरोबर पाठवलास, धुऊन, इस्त्री करून. त्या इस्त्रीचा राग अजून जात नाही.

आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. लहानशी, पण खिडकी आहे. तिथे मी ते पाणी टोचून पाहिलं. औषधाचा थेंब नाही, नुसतं रसायन. रेघ चढली, तुझ्या औषधाने चढायची तेवढीच. मग रसायन न घालता तुझं औषध दिलं. रेघ ढिम्म हलली नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. तेव्हाच कळवलं असतं तर तू चूक कबूल करून वर मोठेपणा मिरवला असतास. तुझं औषध अजून माणसांना देत नाहीत, म्हणून मी निवांत गप्प बसले. तू चांगला उंच चढेपर्यंत थांबले.

माझा निबंध समारंभाच्याच दिवशी छापून येतोय. तुझ्या भाषणानंतर प्रश्नांना वेळ ठेवलाय, हे मी आयोजकांना विचारून घेतलं. पहिल्या रांगेत बसून तोच जुना प्रश्न विचारणार आहे. आधी कळवते आहे ते दया म्हणून नाही. तोवर तुला झोप लागू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. उत्तर देताना घसा कोरडा पडला तर काळजी करू नकोस. टेबलावर ग्लास भरून ठेवायला सांगितलंय.

तुझीच,
पाणीवाली