संत्र्यांच्या पेटीची चिठ्ठी

टोकियो, बुधवार, १५ फेब्रुवारी १९६७

प्रिय किनुको,

तुझी सफरचंदं पोचली. पेटी तशीच पडून आहे. घशाखाली घास उतरत नाही, तर फळं कोण खाणार? खासदारसाहेबांचं नाव लाचेच्या प्रकरणात रोज पेपरात येतंय, ते तिकडे नागानोतही वाचलं असशीलच. तुझे भावजी सतरा वर्षं त्यांचे सेक्रेटरी. फाटकाशी पत्रकार उभे असतात, मी भाजीलाही मागल्या दारानं जाते.

बाईसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून भेटींची आभारपत्रं त्या कच्ची लिहायच्या आणि मी ब्रशनं सुबक उतरवायची. मला त्याचा केवढा तोरा होता, आता लाज वाटते. डिसेंबरात रस्ते बांधणाऱ्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे संत्र्यांची पेटी घेऊन आला. भेट ज्यात बांधून येते ते कापड रिकामं परत पाठवायचं नसतं, म्हणून बाईसाहेबांनी त्यात वड्या बांधल्या आणि वर चिठ्ठी, संत्री गोड निघाली, साहेब खूश आहेत. तीही मीच उतरवली. संत्र्यांच्या थराखाली नोटा होत्या, हे मला काय माहीत?

ती चिठ्ठी आता सरकारी वकिलांच्या हाती लागलीय. साहेब सांगतात, पेटी सेक्रेटरीनं परस्पर लाटली, अक्षर बघा, त्याच्याच बायकोचं.

रविवारी साहेब स्वतः घरी आले. ह्यांच्यापुढे चटईवर कपाळ टेकवलं आणि म्हणाले, मिओच्या शिक्षणाचं सगळं मी बघीन. किनुको, बाप जिवंत असलेल्या मुलीचं असं कोण बघतं? तेव्हापासून हे फार शांत झालेत. केस कापून आले, मिओची सायकल दुरुस्त केली. शनिवारी साहेबांच्या खर्चानं गरम पाण्याच्या झऱ्यावर विश्रांतीला निघालेत, एकटेच. असल्या विश्रांतीहून परत न आलेले दोन सेक्रेटरी मला नावानिशी ठाऊक आहेत. मला फार भीती वाटते गं. हे न्हाणीत जरा जास्त वेळ राहिले तरी मी दाराशी जाऊन उभी राहते.

आता नीट वाच. नववर्षाला तुला पाठवलेले चहाचे पेले मी बाईसाहेबांच्या कच्च्या कागदांत गुंडाळले होते. संत्र्यांच्या चिठ्ठीचा त्यांच्या अक्षरातला कागद त्यातच असणार. तू दोऱ्याचा तुकडाही टाकत नाहीस म्हणून आई तुला चिंधीचोर म्हणायची, मीही हसायचे. देवा, अजून तशीच असू दे ही पोर. पोस्टानं पाठवू नकोस, फोनही नको, फोनपाशी साहेबांचा माणूस बसवलाय. शुक्रवारच्या पहिल्या गाडीनं ये. कागद सापडला नाही तरी ये. ह्यांना दारात अडवायला माझे एकटीचे हात पुरायचे नाहीत.

तुझीच,
फुमिएताई