सहा कॉलेजं, एकच दसरा

१९ नोव्हेंबर, बुधवार

सहा कॉलेजं, आणि सहाही जणांना निबंध हवाय. तोही इंग्रजीतून. 'तुमच्या आयुष्यातला नेतृत्वाचा अनुभव.' कसलं डोंबलाचं नेतृत्व? घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा मला कुणी विचारत नाही!

क्लासचे शेखर सर म्हणतात, सगळीकडे अर्ज करून ठेव. पण खरं कॉलेज एकच, पुण्याचं. तिथं आपल्या जिल्ह्यासाठी एक जागा पूर्ण फी माफ असते. होस्टेलसकट. बाकीची पाच निम्मी फी माफ करतात, म्हणजे आमच्यासाठी ती बंदच. पुणं नाही मिळालं तर इथंच कॉलेज रोडला बीकॉम. बीकॉम वाईट नाही. पण मला इथून बाहेर पडायचंय. लिहिलं एकदाचं.

२० नोव्हेंबर

वेदिकाचे सहाही निबंध झाले. सहाही!

ही माझी चुलत बहीण. काकांचं घर आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे ती कधी काय करते ते सगळं दिसतं. सकाळी झेंडू तोडायला आमच्या सगळ्यांबरोबर, मग क्लास, मग पुन्हा शेतात. मग हिनं लिहिलं कधी? मी तीन दिवस एका निबंधावर बसलेय. अजून पहिला परिच्छेदच चालू आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज विचारलंच. "वेदे, सहा निबंध कसे गं लिहिलेस?"

ती हसली. "सहा कोण लिहितं? एकच लिहिला."

म्हणे पप्पा गुलाबाला करतात तसंच. खाली गावठी खुंट एकच. वर ज्याला जो रंग हवा त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटव्याचा तुकडा, भरायचा. प्रश्न नेतृत्वाचा असेल तर तशी सुरुवात, अपयशाचा असेल तर तशी. मधला भाग तोच. फक्त कॉलेजचं नाव प्रत्येक ठिकाणी बदलायचं, नाहीतर पुण्याला बंगळुरूचं कौतुक जायचं.

आम्ही दोघी एकाच शेतात वाढलो. गुलाबाचे डोळे मी तिच्याहून जास्त भरलेत. पण मला हे सुचलं नाही. तिला बरोब्बर सुचतं.

२३ नोव्हेंबर

खुंट तर हवा ना आधी! माझ्या आयुष्यात सहा ठिकाणी चालेल असं घडलंय काय?

२५ नोव्हेंबर

सापडलं. माझ्या नाही, तिच्या आयुष्यातलं.

यंदाचा दसरा. आदल्या दिवसापर्यंत पाऊस. झेंडू भिजलेला. फूलबाजारातल्या व्यापाऱ्यानं क्रेटमध्ये हात घातला आणि म्हणाला, "ओला माल हाय, काळा पडंल. घेऊन जा." पप्पा आणि काका क्रेट पुन्हा टेम्पोत चढवायला लागले. आमच्या मागं आमच्याच गावचे, मखमलाबादचे अजून चार टेम्पो, त्यांचंही तेच. एक जण तर तिथंच रस्त्याच्या कडेला माल ओतायला निघालेला.

वेदिका म्हणाली, "काळा उद्या पडेल. आपल्याला आजच विकायचाय ना?" आणि टेम्पो तिनं कुठं नेला, तर मोटारसायकलच्या शोरूमच्या दारात! दसऱ्याला लोक गाडी घ्यायला आलेले. नवीन गाडीला हार नको? बाकीच्या टेम्पोवाल्यांनाही तिनं वाटून दिलं — तुम्ही त्या शोरूमला, तुम्ही ट्रॅक्टरवाल्यांकडे. आम्ही मागं बसून हार ओवत होतो आणि ही पुढं उभी राहून विकत होती. दुपारपर्यंत सगळ्यांचे क्रेट रिकामे. काका, जे कधी कुणाला शाबास म्हणत नाहीत, ते घरी येईपर्यंत हिच्याकडे बघत होते.

हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं. इंग्रजी कुठं अडलं नाही.

२८ नोव्हेंबर

"वेदे, तू दसऱ्याचं लिहिलंस का गं निबंधात?" सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यात काय लिहायचं? माल होता, विकला." तिनं ठिबकच्या पाण्यावर लिहिलंय.

अशी आहे ही! दुसरं कुणी असतं तर गावभर सांगत फिरलं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार

सहाही गेले! नेतृत्वाच्या निबंधाची सुरुवात शोरूमपासून. अपयशाची व्यापाऱ्यापासून. 'समाजाकडून काय शिकलात' याला ते बाकीचे टेम्पो पुढं घेतले. 'तुमच्यावर प्रभाव असलेली व्यक्ती' याला तर काही बदलावंच लागलं नाही. कॉलेजची नावं तपासली. पुन्हा तपासली.

वेदिका म्हणाली, "दे, मी एकदा वाचते." मी नाही दिला. तिनं वाचला असता तर काढायलाच लावला असता. "लाज वाटते," म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

११ जानेवारी, रविवार

पुण्याहून मुलाखतीला बोलावलंय. दोघींना! काकूंनी दोघींचीही दृष्ट काढली. मीठ-मोहरी एकाच मुठीत.

२४ जानेवारी, शनिवार

मुलाखत झाली. कित्ती छान झाली!

माझा नंबर आधी होता. समोर एक बाई आणि दोन सर. बाईंनी माझा निबंध पुढं ठेवलेला. म्हणाल्या, "ही वेदिका फार आवडली आम्हाला. अजून सांगा ना." मग काय, माझी गाडी सुटलीच. ती क्लासच्या मुलींना फुकट गणित शिकवते ते सांगितलं. विहिरीवरची मोटार तिनं व्हिडिओ बघून उघडली होती ते सांगितलं. सर हसत होते, बाई लिहून घेत होत्या. मध्ये एकदा बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात?" म्हटलं, "मी टेम्पोत हार ओवत होते." आणि पुन्हा वेदिकावर आले. इतकी मोकळी मी कुठल्याच परीक्षेत बोलले नव्हते.

परतीच्या एसटीत वेदिका म्हणाली, "माझीही बरी झाली. पण दिशे, त्या बाईंना दसऱ्याचं कसं माहीत? मोटारीचं पण विचारलं."

"मी लिहिलं होतं. आणि आत सांगितलंही."

तिनं वळून माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "येडी आहेस तू." मला इतकं बरं वाटलं!

२५ जानेवारी

पप्पांना सगळी मुलाखत सांगितली. वाटलं खूष होतील. ऐकून घेतलं त्यांनी सगळं, मग म्हणाले, "ते लय भारी झालं. आन तुझ्याबद्दल काय इचारलं?"

मी आठवत बसले.

२६ जानेवारी

एकच जागा आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अर्ज भरताना माहीत होतं, एसटीतही माहीत होतं. पण लिहायला बसले की मला दसराच दिसायचा, जागा दिसायचीच नाही.

सगळा राग स्वतःवरच येतोय. तिच्यावर यावा म्हणून प्रयत्न केला. येत नाही. आज सकाळी माझ्या वाट्याची झेंडूची ओळसुद्धा तिनंच तोडून टाकली, न बोलता. अशा मुलीवर रागवायचं तरी कसं?

३ फेब्रुवारी

काही नाही. सारखा फोन बघते. तीही बघते. एकमेकींना दिसणार नाही असा.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याची जागा वेदिकाला.

पोटभर रडले. गच्चीवर, टाकीच्या मागं. ती शोधत आली आणि म्हणाली, "मी नाही जात." मी म्हटलं, "थोबाड फोडीन."

खरं सांगू? त्या बाईंच्या खुर्चीत मी असते, तर मीही हिलाच घेतलं असतं.