शिट्टी वाजवणारा सोफा

तीर्थरूप मोठ्या मावशीला,

तुझ्या टकळीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढीच वाकले, राहिलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन.) गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का? गॅलरीतल्या कुंड्या तू शेजारणीला देऊन टाकल्यास असं दादाने, म्हणजे तुझ्याच चिरंजीवांनी, कळवलं आणि मला फार वाईट वाटलं. दिल्या असशील तर परत माग. मागायची लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, तसंही माझ्या नावाला आता फारसं काही व्हायचं राहिलेलं नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशीलच. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तू मला सिलेंडरवाला समजून उद्या यायला सांगितलंस आणि ठेवून दिलास. तुझा दोष नाही त्यात. तुझं कानातलं यंत्र माझ्याकडे आहे. आता जुना चष्मा लाव, खुर्ची ओढून नीट बस, कारण पुढचं उभ्याने वाचण्यासारखं नाही. मुद्दा आधीच सांगून टाकते, नाहीतर मी वाटेत कुठेतरी वळणार आणि तू माझ्या मागे फरफटत येणार. मावशी, तू विसरभोळी झालेली नाहीस. चष्मा तू हरवला नव्हतास, दाराची किल्ली तू हरवली नव्हतीस आणि यंत्रही तू कुठे टाकलं नव्हतंस. तिन्ही वस्तू पडदेवाल्याने उचलल्या. होय, आपल्याच पडदेवाल्याने, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं आणि ज्याच्याबद्दल तू म्हणाली होतीस की दिवा घेऊन शोधला तरी असा जावई मिळायचा नाही. तेव्हा घर सोडून दादाच्या मागच्या खोलीत राहायला जायचं रद्द कर. त्या खोलीची खिडकी उघडत नाही, मी स्वतः ओढून पाहिली आहे.

आता पहिल्यापासून. तुला आठवत असेल (आठवतंच तुला, हेच तर सांगते आहे), आमची ओळख दातांच्या डॉक्टरांकडे झाली. दात दोघांचेही धड होते. डॉक्टरांनी बाहेरची खोली नवी करायला काढली होती, बाकांच्या गाद्या माझ्याकडे आणि पडदे त्याच्याकडे. तो शिडीवर, मी जमिनीवर. आतून पेशंटचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला तो वरून हळूच म्हणायचा, होईल हो बरं. मला वाटलं, काय मायाळू माणूस आहे. त्याच आठवड्यात माझी कात्री गेली. बाबांची ती मोठी कात्री, जिच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. बाबा गेले तेव्हा मी जितकी रडले नव्हते तितकी कात्रीसाठी रडले. दुकान उलटंपालटं केलं, गिऱ्हाइकांवर संशय घेतला, एका जुन्या गिऱ्हाइकाशी तर कायमचं बिनसलं. तो रोज संध्याकाळी यायचा, माझ्यासमोर स्टुलावर बसायचा, चहा करून द्यायचा आणि म्हणायचा, वस्तू जातात, माणसं राहतात. इतकं चांगलं वाक्य मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. महिनाभरात मी त्याच्या प्रेमात पडले. पडले म्हणजे आपटलेच.

प्रेमात माणूस काय काय देतं. कुणी फुलं देतं, मी माझा टाका दिला. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाकड्या सुईने लपवून टाके कसे घालायचे ते मी त्याला शिकवलं. (वाकडी सुई म्हणजे आमच्याकडची ती अर्धगोल, जी तू एकदा कानातली कडी समजली होतीस.) तो डावखुरा, त्यामुळे त्याचे टाके उलट्या बाजूला कलायचे. मी त्याला हसायचे आणि शेवटी गाठ दुहेरी मार म्हणून बजावायचे. त्याने सगळं मन लावून शिकून घेतलं. इतका चांगला विद्यार्थी भेटला याचा मला अभिमान होता.

तू मागे आमच्याकडे आली होतीस, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तुझं यंत्र गेलं. त्याआधी तुझ्याकडे पडदे लावायला म्हणून तो माझ्याबरोबर आला होता, तेव्हा चष्मा गेला आणि पाठोपाठ किल्ली. दर वेळी तो तुझ्या शेजारी बसून होता, तुझा हात हातात घेऊन. वय झालं की असं होतं, मावशी, असं तोच तुझ्या कानाशी मोठ्याने म्हणायचा. आणि तू, जिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, जिला अर्ध्या शहराचे नंबर पाठ होते, जी शब्दकोडं शाईच्या पेनाने सोडवते, ती मान डोलावत होतीस. मी समोरच होते. मलाही ते पटलं होतं. तुझी शपथ, मावशी, मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप याचा होतो.

तुला गाडीत बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी तो एका हॉटेलच्या कामासाठी परगावी गेला. तेवढ्यात त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या (आता न होणाऱ्या) सासूबाईंचा निरोप आला, की त्यांचा दोन माणसांचा सोफा शिट्टी वाजवतो. मी म्हटलं, करकरत असेल. त्या म्हणाल्या, करकर मला कळते, ही शिट्टी आहे, मी बसले की वाजते आणि या वयात मला ते शोभत नाही. मुलाने त्या सोफ्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, पण सून घरची म्हणजे काम फुकट, या हिशेबाने त्यांनी सोफा टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवला. मी बसून पाहिलं. खरंच शिट्टी.

सोफा उलटा केला आणि माझे हात थांबले. त्याचं तळाचं काळं कापड मीच लावलेलं, पण एका बाजूचे टाके माझे नव्हते. उलटे कललेले होते आणि शेवटी दुहेरी गाठ. मी ते उसवलं. आत गादी पेलणाऱ्या पट्ट्यांना बांधून एकेक पुरचुंडी लटकत होती. प्रत्येक वस्तू पडद्याच्या अस्तराच्या चिंध्यांत गुंडाळलेली आणि वर सुबक बो. पहिल्या पुरचुंडीत तुझं यंत्र, सुरूच राहिलेलं. बसलं की दबायचं आणि किंचाळायचं. (तुझं यंत्र तुझ्यासारखंच, मावशी, कुणी वर बसलं तर गप्प राहत नाही.) मग चष्मा, किल्ली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांचं भिंग आणि त्यांचं मनगटी घड्याळ. दंतवैद्यांच्या बायकोचं एकच कानातलं. आणि सगळ्यात आत, सगळ्यात जास्त कापडात गुंडाळलेली, बाबांची कात्री. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते ऐकून होते. पण मी त्याच सोफ्यावर बसून, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्याच कात्रीसाठी रडले होते.

चोर असता तर मी सहन केलं असतं. चोराला निदान वस्तू हवी असते. याला वस्तू नको होती. याला रडणारं माणूस हवं होतं. आधी पाय मोडायचा आणि मग काठी घेऊन हजर व्हायचं, असा हा कारभार. मास्तरांनी भिंग आणि घड्याळ गेल्यापासून एकट्याने बाहेर पडणं सोडलं होतं. हिशेबाचा माणूस, पण आपलं डोकं चालत नाही असं त्यांनी धरूनच ठेवलं. संध्याकाळी पडदेवाला त्यांना हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचा आणि अख्खी गल्ली म्हणायची, देवमाणूस.

मी सगळं पुन्हा जागच्या जागी बांधलं, फक्त यंत्र बंद करून, त्याच्यासारखे उलटे टाके घालून शिवलं आणि तो यायच्या आत सोफा सासूबाईंकडे परत पाठवला. मनातून वाटत होतं की त्याच्या आईचंच काम असेल, दुसऱ्या कुणाचंही असेल, त्याचं नसेल. म्हणून ठरवलं की तो आला की काही माहीत नसल्याचं नाटक करायचं. प्रेमात बुडालेली मुलगी, जिला काही ठाऊक नाही. आता माझं नाटक तुला माहीत आहे. शाळेत मला झाडाचं काम दिलं होतं आणि झाडाने भर प्रवेशात नाक खाजवलं म्हणून तू पहिल्या रांगेतून डोळे वटारले होतेस. पण या वेळी जमलं, मावशी. तो आला तेव्हा मी हसले, डबा उघडून दिला, हॉटेलच्या पडद्यांची चौकशी केली. मेजावर माझं अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, मुद्दाम ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. परत आले तर अंगुस्तान नाही.

मग मला रडायचं होतं. भूमिकेत तसं होतं. मी तोंड वाकडं करून सुरुवात केली आणि पुढे ते थांबेचना. त्याने स्टूल ओढलं, चहा ठेवला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वस्तू जातात, माणसं राहतात. समोर गिऱ्हाइकाचा आरसा टेकवून ठेवलेला होता. त्यात मला त्याचा चेहरा दिसला. क्रूर बिर काही नव्हता गं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला ताट मिळावं तसा होता. आणि डोक्यावरचा तो हात खरंच उबदार होता. मी त्याच्याखालून लगेच उठले नाही, हे तुला सांगते, दादाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि त्याच्या देखत, त्याच्या आईच्या देखत, सोफा उलटा करून उसवला. अंगुस्तान त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, तेही काढायला लावलं. सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? शिट्टी आता कायमची गेली ना. तो चिडला नाही, नाकारलं नाही. त्याने माझ्याकडे बघून, तू दमली आहेस, म्हटलं आणि मला पाणी आणायला उठला. मी विचारलं, का केलंस? तर म्हणतो, मास्तरांकडे मी जायला लागायच्या आधी कोण जात होतं? तुझ्या मावशीचा हात तू शेवटचा कधी धरला होतास? मला त्याचं थोबाड फोडायचं होतं. मी तुला वर्षभरात किती वेळा फोन केला ते तुलाही माहीत आहे, मोजू नकोस. त्याने जे केलं ते केसाने गळा कापणं आहे, यात शंका नाही. पण सोयीचा गळा त्याला आम्हीच दिला होता.

लग्न मोडलं आहे. वस्तू ज्याच्या त्याला देऊन आले. मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं, मग मला विचारलं, म्हणजे मी ठीक आहे? मी म्हटलं, अगदी ठीक. त्यांनी लगेच चपला घातल्या आणि एकटेच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. आल्यावर दारातच थबकले आणि म्हणाले, पण मग तो आता यायचा नाही का? आता संध्याकाळी मी जाते. ते मला बुद्धिबळात हरवतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात.

रविवारी तो तुझं सामान बांधायला येणार होता. येईलही, त्याने शब्द दिला की मोडत नाही. दार उघडू नकोस. बांधलेलं सामान सोड, कुंड्या परत आण आणि माझी वाट बघ. कंबर सरळ झाली की मी येते आणि चांगले चार दिवस राहते. तू मला काय काय बोलणार आहेस ते आत्तापासून ऐकू येतं आहे, त्याला यंत्र लागत नाही.

तुझीच,
टकळी

ता.क. पत्रासोबतच्या पुडक्यात चष्मा, किल्ली आणि यंत्र आहे. यंत्रात नवी बॅटरी घातली आहे. कापड फेकून दे. बो छान आहे, तरी फेकून दे.

ता.क. दुसरा. सासूबाईंचा निरोप आला, की झालं ते झालं, पण सोफ्याचा तळ उघडाच राहिला आहे, तेवढा शिवून दे. मी जाणार नाही. बहुतेक जाणार नाही.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. दार उघडू नकोस म्हणाले खरी, पण तू कुणाला दारातून परत पाठवलेलं मला आठवत नाही. तेव्हा उघडलंसच, तर बोलता बोलता, मी सांगितलं असं अजिबात न दाखवता, एवढं त्याच्या कानावर घाल की टकळीची वाकडी सुई हरवली आहे आणि ती सारखी रडते. सुई हरवलेली नाही. दुकानातल्या खुर्चीच्या गादीत मीच शिवून ठेवली आहे. त्या खुर्चीवर सध्या मी कुणाला बसू देत नाही.